पाळीवरचा बुडखा

चिंचेचा बुडखा वरून फोडायचा नसतो. वरून कुऱ्हाड मारली की ती उसळून मागे येते, कारण चिंचेच्या लाकडाचे धागे सरळ नसतात, पिळलेल्या दोरासारखे एकमेकांत गुंतलेले असतात. आंब्याच्या लाकडात चीर दिसली की पाचर बसवायची, चार घाव घालायचे, काम झालं. चिंचेचा बुडखा मात्र मुळांकडून फोडावा लागतो. त्यासाठी तो आधी जमिनीतून काढून आडवा पाडावा लागतो, आणि मग मूळ जिथून फुटतं त्या बगलेत पाचर घालावी लागते.

हे मी माहेरी शिकले. माझं माहेर कारध्याचं, वैनगंगेच्या काठचं. पूर ओसरला की काठाला झाडं लागलेली असायची, मुळं वर करून पडलेले बुडखे असायचे, आणि ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. माझे वडील घण, पाचर आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन जायचे आणि दोन दिवसांत बुडख्याचं सरपण करून टाकायचे. नदीने बुडखा उपटूनच दिलेला असायचा. तो जमिनीतून काढावा कसा, आणि काढल्यावर उरलेल्या खड्ड्याचं काय करावं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

माझं लग्न झालं तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. सासर तलावाच्या गावात. तिथे नदी नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला मातीची लांब पाळ होती, पाळीच्या पलीकडे तलाव आणि अलीकडे धानाची शेतं. शेतं सुरू होण्याआधी, पाळीच्या अगदी पायथ्याशी तीन घरं होती. पाळीवर आंबे होते, जांभळं होती आणि मधोमध एक जुनी चिंच होती. मी आले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती चिंच वादळात मोडली. खोड ग्रामपंचायतीने उचलून नेलं. बुडखा राहिला, तिघांच्या कवेत न मावणारा, पाळीच्या माथ्यापासून हातभर खाली, घरांच्या बाजूच्या उतारावर.

लग्नानंतरच्या पाचव्या उन्हाळ्यात नणंदेचं लग्न ठरलं. नवरा भंडाऱ्याला कचेरीत होता, शनिवारी एसटीने यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. सासू नव्हती. तेव्हा लग्नाची तयारी माझ्याकडे आली आणि मी वही काढली. पहिल्या पानावर धान्य, दुसऱ्यावर भांडी, तिसऱ्यावर सरपण. पहिली दोन पानं आठ दिवसांत मार्गी लागली. तिसरं अडलं. जंगलातून गाडी भरून लाकूड आणायचे दिवस संपत आले होते, वनखात्याच्या नाक्यावर विचारपूस व्हायची. आमच्या वाडीतला पालापाचोळा पाचशे माणसांच्या भाताला पुरणार नव्हता. बुडखा मीच सुचवला. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. मामाजींनी सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, घ्या, फक्त पाळ खराब करू नका.

आमच्याकडे लाकूड फोडायला एकच माणूस यायचा. पाळीखालच्या तीन घरांतलं मधलं घर त्याचं. तो, त्याची बायको आणि चार-पाच महिन्यांची मुलगी. बायको त्याच्याबरोबर कामाला यायची, मुलीला जांभळाखाली लुगड्याच्या झोळीत घालायची आणि ढलप्या टोपलीत भरायची. पहिल्या दिवशी त्याने बुडख्याला चारी बाजूंनी हात लावून पाहिला.

"बाई, वरून जेवढा निघन तेवढा काढतो," तो म्हणाला. "खाली हात नोका लावू."

"का?"

"पाळ हाय ना वो ते."

"मग?"

"मंग काय? पाळीतलं काई काढत नसते."

मला हे कारण वाटलं नाही. मी त्याला अजून एकदा विचारलं, पण त्यालाही त्यापलीकडे सांगता येईना. त्याचा बाप असं म्हणायचा, एवढंच. दोन दिवस तो वरून कुऱ्हाड मारत राहिला. दोन दिवसांत दीड टोपली ढलप्या निघाल्या आणि कुऱ्हाडीचा एक दांडा मोडला. तिसऱ्या दिवशी पाचर बसवली तर घणाच्या घावाने ती लाकडातून सुटून उडाली आणि त्याच्या बायकोच्या कानाजवळून जाऊन झोळीच्या पलीकडे मातीत रुतली. उठून तिने झोळी सोडली आणि पन्नास पावलं लांब दुसऱ्या झाडाला नेऊन बांधली.

मी म्हणाले, "असं चालायचं नाही. खालून खणा. मुळं तोडा, आडवा पाडा, मग मुळांकडून फोडा. दोन दिवसांचं काम आहे."

"आयका आता," बायको नवऱ्याला म्हणाली. "नदीवाल्या बाई शिकवतीन तुमाले लाकूड फोडाले."

"शिकवते तर शिकवते," मी म्हणाले. "लग्न नऊ दिवसांवर आलंय."

तो हसला नाही, पण त्याने सब्बल घेतली. दिवसभर खणून माझ्या कमरेइतका खड्डा झाला. आमची बैलजोडी आणि शेजाऱ्यांची, अशा दोन जोड्या साखळीला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बुडखा बाहेर आला. तलावाच्या बाजूला गेलेलं एक मूळ मांडीएवढं जाड होतं. ते अर्ध्यात तुटलं आणि उरलेलं पाळीच्या पोटात राहिलं. वैशाख होता, तलावात मध्यभागी फक्त गुडघाभर पाणी होतं, तरी खड्ड्याच्या तळाला माती ओली होती. त्याने ती चिमटीत घेतली, चुरली आणि टाकून दिली.

पुढचं सगळं मी म्हटल्याप्रमाणे झालं. बगलेत पाचर, पाचरीवर घण, आणि लाकूड कडकड करत उघडलं. आतून ते गर्द तांबडं होतं. चार दिवसांत तीन गाड्या सरपण आमच्या अंगणात रचलं गेलं.

राहिला खड्डा. तो म्हणाला, तलावातली काळी माती गाडीने आणावी लागेल, थोडी थोडी घालून, पाणी मारून, धुमसाने चोपून बसवावी लागेल, तीन दिवस जातील. मला तीन दिवस द्यायचे नव्हते. मांडव बाकी होता, चुलांगणं खणायची होती. आणि पाळीवर सगळीकडे ढलप्या, साली, बोटाएवढी मुळं, भुसा असा पसारा पडला होता. मला पसारा पाहवत नाही. मी त्याच्या बायकोला म्हटलं, हे सगळं टोपलीने खड्ड्यात टाक, वरून माती ओढा, सारखं करा. काळी माती लग्न झाल्यावर बसवू. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "टाक." संध्याकाळी पाळ झाडून काढल्यासारखी दिसत होती. वहीत मी खड्ड्यासमोर फुली मारली.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी लाकूड फोडणारा चिखल्याला खाणीवर गाड्या भरायच्या कामाला निघून गेला आणि पेरणीला परत आला. तोपर्यंत मी खड्डा विसरले होते. फुली मारलेलं मी परत वाचत नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तलाव सांडव्याला टेकला, म्हणजे आणखी चार बोटं चढला की जादा पाणी बाजूने वाहून जाणार. पोळ्याला बैल धुवायला तलावावर नेले, मी आरतीचं ताट घेऊन मागे गेले. परत येताना पाळीच्या बाहेरच्या उतारावर, चिंच होती तिथून दोन पुरुष उंचीएवढा खाली, गवताचा एक पट्टा मला जास्त हिरवा दिसला. मी चप्पल काढून पाय ठेवला. पाय घोट्यापर्यंत गेला.

त्या क्षणी मला तो खड्डा आतून दिसला. ढलप्या, साली, भुसा, पाळीच्या पोटात तुटून राहिलेलं मांडीएवढं मूळ. आणि पलीकडे माणूस बुडेल एवढं पाणी.

नदीची भीती मला माहीत होती. नदी चढते तेव्हा दिसते. काल पायरी होती, आज पायरी गेली, उद्या पेटी-भांडी माळ्यावर टाकायची. तलाव तसा चढत नाही. तो डोक्याच्या वर उभा असतो आणि मधे फक्त माती असते. मी उतारावर उभी राहून खाली पाहिलं. मधल्या घराच्या दारात ती मुलगी, आता आठ-नऊ महिन्यांची, मातीत बसून थाळी वाजवत होती. घराची कौलं माझ्या पायांच्या खाली होती आणि तलावाचं पाणी माझ्या डोक्याच्या वर होतं.

मी घरी आले आणि पुरणपोळ्या केल्या. कोणाला काही बोलले नाही. स्वतःला सांगितलं, पाळीला ओल येतेच.

दुसऱ्या दिवशी शेतावर निंदणाऱ्या बायकांची भाकर घेऊन जाताना मी मुद्दाम पाळीखालून गेले. ओल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला गवताच्या मुळातून पाणी ठिबकत होतं. मी पळसाचं पान मुडपून तिथे खोचलं, त्याची चोच केली आणि भाकरीबरोबरचा तांब्या त्याखाली धरला. आकडे मोजले. तांब्या भरला तेव्हा दोनशे चाळीस झाले होते. पाणी निवळ होतं, पिता येईल इतकं. ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दोनशे वीस. सहाव्या दिवशी एकशे नव्वद.

भीतीला आकडा लावला की ती आटोक्यात येते असा माझा समज होता. झालं उलटं. आकडा कमी होत होता आणि तो फक्त मला माहीत होता. स्वयंपाक करताना मी मोजत असे. विहिरीवर दोर ओढताना मोजत असे. पावसाची सर आली की हातातलं काम थांबायचं. शनिवारी नवरा आला, त्याने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, बरी आहे. त्याला सांगितलं असतं तर तो मामाजींना सांगणार, मामाजी सरपंचांना, आणि सरपंचांनी एकच अट घातली होती. शिवाय तुडूम उघडावं लागेल हे मला कळत होतं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. ते एकदा उघडलं की गेलेलं पाणी परत येत नाही. धान गर्भात यायला महिना होता. त्यानंतर पाऊस रुसला तर सगळं गाव याच पाण्यावर अवलंबून. माझ्या एका फुलीसाठी सगळ्यांचं पाणी सोडायचं, हे सांगायला माझी जीभ वळेना. मी ठरवलं, शंभराच्या खाली आकडा आला तर सांगायचं.

नवव्या दिवशी एकशे तीस. त्या दिवशी मला ओल्या पट्ट्याच्या कडेने काड्या खोचलेल्या दिसल्या. बोटभर लांब, तुराटीच्या, वरून खाली एका ओळीत सहा. सगळ्यात वरची काडी पट्ट्याच्या मधे आली होती, सगळ्यात खालची कोरड्याच्या कडेला होती. पट्टा किती पसरतो हे कोणीतरी रोज खुणेने लक्षात ठेवत होतं.

मी काड्यांजवळ वाकून पाहत असताना मागून आवाज आला.

"मोजून झालं का वो बाई?"

ती होती, मुलगी कडेवर. मी तांब्या खाली ठेवला.

"काड्या तुझ्या?"

"मंग कोनाच्या? तिसऱ्या दिसापासून लावून राहिली." ती खाली बसली आणि सातवी काडी खोचली. "तुमी रोज येता, तांब्या भरता, ओतता, चालल्या जाता. म्या म्हटलं, पाहू कवा बोलतात त."

"तू का नाही सांगितलंस कोणाला?"

"काय सांगू? खड्डा बुजवला कोनं? माया घरच्यानं. गाव कोनाले धरन? तुमाले?"

"पण ढलप्या टाकायला मी सांगितलं होतं."

"मले मालूम हाय. मीच त टाकल्या ना टोपल्या. तेवीस." तिने मुलीच्या हातातली काडी काढून घेतली. "त्याले अजून नाई सांगतलं म्या. तो झोपते मस्त. मी नाई झोपत."

"घर सोडून जा काही दिवस," मी म्हणाले. हे बोलताना माझी मलाच लाज वाटली.

"कुठं जाऊ? अना काय म्हणून जाऊ? काहून चालली म्हणून इचारलं त काय सांगू?" ती उठली. "तुमी मोठ्या घरच्या. तुमी बोलान त आयकतीन. मी बोलली त माया घरच्याले पाळीवरच मारतीन."

मी म्हटलं, "उद्या सांगते."

"उद्या," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन उतरली.

उद्या मी सांगितलं नाही. मामाजींना ताप होता, घरी पाहुणे होते. ही कारणं खरी होती आणि मला ती आवडली होती. त्याच संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की विदर्भात दोन दिवस जोरदार पाऊस होईल.

सकाळी पाऊस नव्हता. आभाळ खाली उतरलं होतं आणि वारा पडला होता. मी भाकरीची वाट न पाहता तांब्या घेऊन गेले. ती तिथे आधीच बसली होती, हात ओंजळीसारखे करून. तिने ओंजळ माझ्याकडे केली. पाणी चहासारखं होतं.

पाणी निवळ येतं तोवर ते नुसतं पाझरत असतं. गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहून येऊ लागली, आतली वाट मोठी होऊ लागली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण ते पाहिल्यावर शिकवायची गरज नव्हती. तांब्या मी भरलाच नाही.

"पोरीला घे आणि शाळेत जा," मी म्हणाले. "बाकी दोन्ही घरांना पण काढ. मी पाठवलं म्हणून सांग."

मी पळत घरी आले. पाच वर्षांत मी त्या गावात पळाले नव्हते. मामाजी सपरीवर, म्हणजे ओसरीत, घोंगडी पांघरून बसले होते. मी पदर सावरला नाही.

"मामाजी, पाळ फुटून राहिली," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले. मग सगळं सांगितलं, ढलप्या, तुटलेलं मूळ, तांब्याचे आकडे. ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. माणूस चिडला की चेहरा तापतो. त्यांचा विझत गेला. त्यांनी एकच विचारलं, "किती दिस झाले?"

"दहा."

त्यांनी घोंगडी टाकली आणि ताप अंगात घेऊन उठले.

अर्ध्या तासात पाळीवर गाव जमलं. लाकूड फोडणाऱ्याला शेतातून बोलावून आणलं होतं. तो ओल्या पट्ट्याकडे पाहत उभा होता, हातात विळा तसाच. एका शेतकऱ्याने त्याच्या खांद्याला धरलं.

"खड्डा तूनं बुजवला ना गा?"

"हो."

"काय टाकलं त्यात? सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"ढलप्या आहेत आत," मी म्हणाले. माझा आवाज बारीक निघाला, म्हणून मी पुन्हा म्हटलं. "ढलप्या आणि भुसा. तो काळी माती आणतो म्हणत होता. मी नको म्हटलं. त्याला सोडा."

पाळीवर इतक्या पुरुषांसमोर मी पहिल्यांदाच बोलत होते. मागून एकजण म्हणाला, "कारध्याची सून आणली गावात. तिच्यामागं नदी बी आली." दोघे-तिघे हसले. हसून त्यांनी खाली पाहिलं आणि हसू थांबलं, कारण गवताच्या मुळातून ठिबकणारं पाणी आता बोटाएवढ्या धारेने येत होतं.

तलावाचं पाणी वाटायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होतं. त्याने गुडघ्यावर बसून धारेत बोट घातलं, चाखून पाहिलं आणि थुंकला.

"तुडूम खोला," तो म्हणाला.

"सगळं पाणी सोडता का?" एकजण म्हणाला. "हस्त कोरडा गेला त खाशीन काय?"

"पाळ गेली त पाणी बी जाईन अना पाळ बी जाईन," म्हातारा म्हणाला. "अना खालचे तीन घरं बी. तू राहतं का तिथं? नाई ना. मंग गप राह्य."

तुडूम म्हणजे पाळीतून आरपार गेलेली दगडी मोरी, आणि तलावाच्या बाजूला तिच्या तोंडाशी एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला बुचासारखा लाकडी गुड्डा. वरचा गुड्डा काढला की वरचं पाणी जातं, मग दुसरा, मग तिसरा. वरचा सहज निघाला. दुसरा फुगून बसला होता. म्हातारा छातीभर पाण्यात उभा राहून तो हलवत होता, आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. लाकूड फोडणारा विळा टाकून पाण्यात उतरला. दोघे बुडी मारून वर यायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा जायचे. बाकीच्यांनी धानाच्या पोत्यांत माती भरून तलावाच्या बाजूने मूळ असेल त्या अंदाजाने टाकायला सुरुवात केली. मी पोत्यांची तोंडं धरत होते. माझी नजर सारखी खाली जात होती. तिन्ही घरांची दारं उघडी होती, आत कोणी नव्हतं. एका चुलीतून अजून धूर येत होता.

गुड्डा निघाला तेव्हा मोरीतून पाणी गर्जत बाहेर पडलं. काही बायकांना वाटलं पाळच गेली, त्या ओरडल्या. मीही डोळे मिटले होते.

पाऊस दुपारपर्यंत पडला आणि थांबला. रेडिओने सांगितलेला दुसरा दिवस आमच्याकडे कोरडा गेला. एवढं नशीब आम्हाला मिळालं. तीन दिवसांत पाणी खड्ड्याच्या तळाखाली गेलं आणि मग खड्डा उघडला. ढलप्या काळ्या पडून फुगल्या होत्या, मध्ये मध्ये पोकळ्या होत्या, हाताने सहज उचलून येत होत्या. तळाशी मूळ होतं तिथे भोक होतं. म्हाताऱ्याने त्यात हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा टेकला तरी त्याची बोटं कुठे लागली नाहीत. तो हात तसाच ठेवून आमच्याकडे पाहत राहिला.

भोक खणून काढलं, तलावाच्या तळाची काळी माती थराथराने घातली, धुमसाने चोपली. तीन दिवसांऐवजी अकरा दिवस लागले. धुमस मारायच्या रांगेत मी रोज होते. त्या वर्षी हस्त बरा लागला, तरी शेवटच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी पोचलं नाही आणि तिथलं धान पोचट निघालं. त्यांतल्या दोन बांध्या आमच्या होत्या, बाकी दुसऱ्यांच्या. ज्यांच्या होत्या त्यांच्यापैकी काहींनी त्यानंतर आमच्या घरचं हळदीकुंकू घेतलं नाही. मामाजींनी मला कधी दोष दिला नाही. फक्त म्हणाले, "दहा दिस लावाले नोको होते." ते बरोबर होतं.

तिन्ही घरं दिवाळीच्या आधी शाळेतून परत खाली राहायला आली. मी त्या मुलीच्या आईला म्हटलं, आमच्या वाडीत कोपऱ्यावर जागा आहे, तिथे बांधा. ती म्हणाली, "इथं आमचं आंगण हाय."

पुढच्या वर्षी मघा नक्षत्रात तलाव पुन्हा सांडव्याला टेकला. मी रोज पाळीखालून जात होते. एका दुपारी ती दारात भेटली, डोक्याला फडकं बांधलेलं, कमरेला विळा.

"निंदाले चालली मी," ती म्हणाली. "घरचा बी नाई. पोट्टी झोपली हाय. बसता का जरा?"

मी म्हटलं, बसते.

ती गेल्यावर मी उंबऱ्यावर बसले. मुलगी आत चटईवर उताणी झोपली होती, तोंड थोडं उघडं. समोर अंगण, अंगणापुढे लगेच पाळ चढत गेलेली. मी इतक्या वेळा पाळीवरून हे घर पाहिलं होतं, या घरातून पाळ पाहिली नव्हती. इथून आभाळाची फक्त एक पट्टी दिसत होती. पाणी कुठेच दिसत नव्हतं, पण ते कुठवर आहे हे मला माहीत होतं. आम्ही चोपलेली जागा हिरवी झाली होती, आजूबाजूसारखीच. मी तिथून नजर काढली की ती परत तिथेच जायची. एकदा कुठेतरी पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मी मुलीला उचलायला उठले. तो घरातल्या माठाचा होता. मी मुलीचे पाय पाळीच्या बाजूला होते ते दाराच्या बाजूला केले, कशासाठी ते माहीत नाही, आणि पुन्हा बसले. पाणी प्यायला उठले नाही.

ऊन उतरल्यावर ती आली. विळा खोचला, हातपाय धुतले, आत जाऊन मुलीला पाहिलं.

"भेव वाटलं का?" तिने विचारलं.

"वाटलं."

"हं," ती म्हणाली आणि चूल पेटवायला बसली. "मले रोज वाटते."